तिजोरी भरलेली, सभागृह अडलेलं: तैवानमध्ये चाललंय काय?

एटीएममध्ये कार्ड घालायचं, ओळखपत्राचा आणि आरोग्य विम्याच्या कार्डाचा नंबर टाकायचा, की दहा हजार तैवानी डॉलर हातात. आपल्या हिशेबाने साधारण २८ हजार रुपये. २०२५ च्या नोव्हेंबरात तैवानच्या सरकारने असे पैसे वाटले. उत्पन्नाचा दाखला नको, झेरॉक्स नको, साहेबांची सही नको. तान्ह्या बाळाच्या नावाने दहा हजार आणि कारखानदाराच्या नावानेही दहाच हजार.

'लाडकी बहीण' पाहिलेल्या आपल्या वाचकाला यात फारसं नवल वाटायचं नाही. पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली, या वाटपामागे जादा जमलेला कर होता. २०२४ मध्ये तैवानच्या तिजोरीत अंदाजापेक्षा ५०० अब्ज तैवानी डॉलरहून जास्त कर आला होता. दुसरी गोष्ट जास्त गमतीची आहे. पैसे वाटा म्हणून हट्ट धरून बसले होते विरोधक. पंतप्रधान सुरुवातीला म्हणत होते, हे राज्यघटनेत बसत नाही. विरोधकांनी संसदेतल्या बहुमताच्या जोरावर कायदाच करून टाकला आणि सरकारला तो मुकाट्याने राबवावा लागला.

आपल्या बातम्यांत तैवान येतो तो एकाच प्रश्नापुरता: चीन हल्ला करणार का? प्रश्न खोटा नाही. पण त्याच्या आड तिथल्या माणसाचं घरभाडं, पगार आणि वीज दिसेनाशी होते, आणि मग तिथले निवडणूक निकाल कोड्यासारखे वाटू लागतात. २०२५ मध्ये तैवानची अर्थव्यवस्था ८ टक्क्यांहून जास्त वाढली. श्रीमंत देशात असा वेग जवळपास ऐकायलाच मिळत नाही. आपल्या राज्यकर्त्याने असा आकडा दाखवला असता तर चौकाचौकात फ्लेक्स लागले असते. तैवानच्या सत्ताधाऱ्यांना मात्र त्याच वर्षी मतदारांनी एकदा नाही, दोनदा तोंडघशी पाडलं.

थोडी ओळख करून घेऊ. आकाराने केरळपेक्षा जरा लहान बेट, लोकसंख्या २ कोटी ३० लाखांच्या पुढे. चीनचा किनारा सर्वांत जवळच्या ठिकाणी सुमारे १३० किलोमीटरवर, म्हणजे मुंबई-पुणे रस्त्यापेक्षाही कमी. १८९५ ते १९४५ जपानची सत्ता होती. १९४९ मध्ये चीनमधल्या यादवी युद्धात हरलेलं च्यांग कै-शेक यांचं कुओमिंतांग सरकार इथे येऊन बसलं आणि १९८७ पर्यंत, तब्बल ३८ वर्षं, मार्शल लॉ राहिला. राष्ट्राध्यक्षाला लोकांनी थेट निवडून देण्याची पहिली वेळ आली १९९६ मध्ये. म्हणजे आज तिशीत असलेला मतदार आणि तिथली लोकशाही बरोबरीच्या वयाची आहेत. लोकशाही आणण्यासाठी भांडलेल्या लोकांचा पक्ष तो डीपीपी, त्याचा रंग हिरवा. कुओमिंतांगचा निळा. तिथे माणसं पक्षाची नावंसुद्धा घेत नाहीत, 'हिरवे' आणि 'निळे' एवढ्यावर काम भागतं. निळ्यांचं म्हणणं, चीनशी बोलत राहा, धंदा करा, वाद वाढवू नका. हिरव्यांचं म्हणणं, आपण वेगळे आहोत, अमेरिका-जपानच्या जवळ राहा. चीनमध्ये उद्या सामील व्हायचंच, असं म्हणणारे दोन्हीकडच्या मतदारांत फार थोडे.

दळणाची गिरणी

आता पैसा कुठून येतो ते पाहू. कारण सगळं राजकारण त्याच्याभोवती फिरतं.

१९६६ मध्ये तैवानने काउशुंग बंदरात निर्यात प्रक्रिया क्षेत्र उघडलं. (आपण कांडल्याला तसंच क्षेत्र त्याच्या एक वर्ष आधी, १९६५ मध्ये उघडलं होतं. पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे.) छत्र्या, बूट, खेळणी, कपडे असा स्वस्त माल तिथून जायचा. १९७३ च्या तेलसंकटात हा धंदा हबकला. १९७४ च्या फेब्रुवारीत तैपेईतल्या एका साध्या सोयादुधाच्या दुकानात सकाळच्या नाश्त्याला काही सरकारी अधिकारी आणि अमेरिकेतल्या आरसीए कंपनीत काम करणारे एक चिनी वंशाचे तंत्रज्ञ बसले. अर्थमंत्री सून युन-स्वान तिथे होते. पुढे काय बनवायचं, यावर त्या टेबलावर ठरलं: इंटिग्रेटेड सर्किट, म्हणजे चिप. १९७६ मध्ये आरसीएकडून तंत्रज्ञान घेतलं, तरुण इंजिनियर शिकायला अमेरिकेत पाठवले, १९८० मध्ये शिन्चू इथे सायन्स पार्क उभारलं. आणि १९८७ मध्ये, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये उभी हयात घालवलेल्या मॉरिस चँग यांनी पंचावन्न उलटल्यावर एक कंपनी काढली. ती टीएसएमसी.

त्यांची कल्पना समजायला पिठाच्या गिरणीकडे बघा. गिरणीवाला स्वतः गहू विकत नाही, पोळ्याही विकत नाही. तुम्ही तुमचं धान्य आणता, तो दळून देतो, दळणाचे पैसे घेतो. त्यामुळे शेजारी-शेजारी भांडणारी दोन घरंही एकाच गिरणीत बिनधास्त डबा ठेवतात. त्या काळात चिप बनवणाऱ्या कंपन्या सगळं स्वतःच करत: आराखडाही स्वतःचा, कारखानाही स्वतःचा. चँग म्हणाले, आम्ही स्वतःचा आराखडा कधीच काढणार नाही, फक्त तुमचा दळून देऊ. त्या आश्वासनामुळे ॲपल, एनव्हिडिया, एएमडी, क्वालकॉम अशा कंपन्यांना कारखाना बांधायची गरजच उरली नाही. आणि गिरणी इतकी बारीक दळायला लागली की आज जगातल्या सर्वांत प्रगत चिपांपैकी सुमारे ९० टक्के तैवानमध्ये बनतात.

मग एआयची लाट आली. चिप तर टीएसएमसीची होतीच, पण त्या चिपा बसवलेले फ्रिजएवढे सर्व्हर जोडून देण्याचं कामही फॉक्सकॉन, क्वांटा, विस्ट्रॉन अशा तैवानी कंपन्यांकडे आलं. २०२४ मध्ये तैवानची निर्यात सुमारे ४७५ अब्ज अमेरिकी डॉलर होती. २०२५ मध्ये ती ६४० अब्जांवर गेली. एका वर्षात एक तृतीयांशाहून जास्त वाढ. गिऱ्हाईकही बदललं. २०२० मध्ये निर्यातीतला जवळपास ४४ टक्के माल चीन आणि हाँगकाँगला जायचा. २०२५ मध्ये अमेरिकेने त्यांना मागे टाकलं. चीनवरचं अवलंबित्व कमी करू, असं हिरव्यांनी वर्षानुवर्षं सांगितलं होतं. ते घडलं, पण त्यात धोरणापेक्षा एआयच्या भुकेचा हात मोठा, असं मला वाटतं.

आकडा आणि खिसा

मग लोक खूश का नाहीत?

टीएसएमसीचे जगभरचे कर्मचारी मिळून सुमारे ८० हजार. तैवानमध्ये काम करणारी माणसं १ कोटी १५ लाखांच्या वर. तैवानच्या शेअर निर्देशांकात एकट्या टीएसएमसीचं वजन ४० टक्क्यांच्या आसपास, निर्यातीत इलेक्ट्रॉनिक्सचा वाटा दोन तृतीयांशांहून जास्त. पण हजेरीपटावर तिचा वाटा शंभरात एकसुद्धा नाही. शिन्चूच्या इंजिनियरला बोनस मिळतो तेव्हा देशाची सरासरी वर जाते. बाकीच्यांना ती पेपरात वाचायला मिळते.

काउशुंगजवळ गांगशान नावाचा भाग आहे. स्क्रू, बोल्ट आणि नट यांचं गाव म्हणून तो ओळखला जातो. आपल्या भोसरी-चाकणच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये उभं राहिल्यासारखं वाटावं असा हा धंदा: तारेचं भेंडोळं एका टोकाने मशिनीत जातं, दुसऱ्या टोकाला तेलात भिजलेले स्क्रू खणखण पडत राहतात. सर्वांत मोठं गिऱ्हाईक अमेरिका. २०२५ च्या मार्चमध्ये ट्रम्प सरकारने पोलादावर आणि पोलादी वस्तूंवर २५ टक्के शुल्क लावलं, जूनमध्ये ते ५० टक्के केलं. स्क्रू त्यात आले. चिपा आणि सर्व्हर मात्र त्या वर्षीच्या नव्या शुल्कांतून बहुतांशी सुटले. एकाच बेटावर एका कारखान्यात रात्रपाळी वाढवली जात होती, आणि दुसऱ्यात कामगारांना बिनपगारी रजेवर पाठवलं जात होतं.

वर चलनाचा फटका बसला. हा भाग थोडा किचकट आहे, पण समजून घेण्यासारखा आहे. निर्यातदार अमेरिकी डॉलर कमावतात. तेवढे डॉलर देशात खपत नाहीत. लोक बचत करून आयुर्विम्याच्या पॉलिसी घेतात, आणि विमा कंपन्या तो पैसा अमेरिकी रोख्यांत घालतात, कारण तिथे व्याज जास्त. म्हणजे पॉलिसीवाल्याला द्यायचे पैसे तैवानी डॉलरमध्ये, गुंतवणूक अमेरिकी डॉलरमध्ये. तैवानी डॉलर स्वस्त आहे तोवर सगळे सुखात. २०२५ च्या मेच्या सुरुवातीला कुजबुज झाली की शुल्काच्या वाटाघाटीत अमेरिका चलन महाग करायला लावणार. निर्यातदार डॉलर विकायला धावले, विमा कंपन्या नुकसान टाळायला धावल्या, आणि व्यवहाराच्या दोन दिवसांत तैवानी डॉलर एका टप्प्यावर जवळपास दहा टक्क्यांनी वधारला. वाटाघाटीत चलनाचा विषयच नव्हता, असं राष्ट्राध्यक्षांना स्वतः सांगावं लागलं. ज्या स्क्रूवाल्याला शंभरामागे पाच सुटतात, त्याचं वर्ष त्या दोन दिवसांत बुडालं.

स्वस्त चलनाची दुसरी बाजू सामान्य माणूस भोगतो: बाहेरून येणारं सगळं महाग. २०२५ मध्ये किमान मासिक वेतन २८,५९० तैवानी डॉलर होतं. आणि तैपेईत घराची किंमत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाच्या पंधरा पटींहून जास्त आहे. मुंबईकराला हे समजावून सांगायची गरज नाही.

निळे, हिरवे आणि मधले पांढरे

२०२४ च्या जानेवारीतल्या निवडणुकीत हा राग मतपेटीत उतरला. डीपीपीचे लाय चिंग-ते ४० टक्के मतांवर राष्ट्राध्यक्ष झाले. कुओमिंतांगला साडेतेहेतीस टक्के. आणि तैपेईचे माजी महापौर, पेशाने सर्जन असलेले को वेन-जे यांच्या टीपीपी या नव्या पक्षाने साडेसव्वीस टक्के मतं नेली. त्यांचा रंग पांढरा. घर आणि पगाराचं बोला, निळं-हिरवं पुरे झालं, असं म्हणणाऱ्या तरुणांची ती मतं होती. (पुढे को यांना भ्रष्टाचाराच्या प्रकरणात अटक झाली, खटला उभा राहिला, आरोप त्यांना मान्य नाहीत.)

संसदेत ११३ जागा. निळे ५२, हिरवे ५१, पांढरे ८, अपक्ष २ आणि तेही निळ्यांकडे झुकलेले. राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा, सभागृह दुसऱ्यांच्या हातात. तैवानच्या घटनेत पंतप्रधानाला राष्ट्राध्यक्ष नेमतो, त्या नेमणुकीला संसदेची मंजुरी लागत नाही. संसदेने केलेला कायदा सरकारला पटला नाही तर ते फेरविचाराला पाठवू शकतं. पण संसदेच्या एकूण सदस्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी तोच पुन्हा धरला, की संपलं. अविश्वास आणून पंतप्रधानाला पाडता येतं, पण मग राष्ट्राध्यक्ष संसद विसर्जित करून नव्याने निवडणूक लावू शकतात. ती जोखीम विरोधकांना नको. म्हणजे कोणी कोणाला पाडत नाही आणि कोणी कोणाला चालू देत नाही.

विरोधकांनी आधी संसदेचे चौकशीचे अधिकार वाढवले. २०२४ च्या मे महिन्यात त्याविरुद्ध हजारो लोक संसदेबाहेर पावसात उभे राहिले. २०२५ च्या अर्थसंकल्पाला सुमारे साडेसहा टक्के कात्री लावली. आणि २०२४ च्या डिसेंबरात जे केलं ते कुरघोडीच्या राजकारणाचा नमुना म्हणून जपून ठेवावं असं आहे. घटना न्यायालयात १५ न्यायाधीश असतात. सात निवृत्त झाले, आठ उरले. संसदेने कायदा केला: निकालासाठी किमान दहा न्यायाधीश हवेत. मग राष्ट्राध्यक्षांनी सुचवलेली नवी नावं त्याच संसदेने फेटाळली. आठ माणसं, दहाचा कोरम, न्यायालय बंद. आणि तो कायदा घटनाबाह्य आहे का, हे ठरवायचं तर न्यायालयच हवं! वर्षभर हे असंच राहिलं. शेवटी २०२५ च्या १९ डिसेंबरला आठांपैकी पाच न्यायाधीश बसले आणि त्यांनी तो कायदाच घटनाबाह्य ठरवला. विरोधक म्हणतात, पाच जणांना तो अधिकारच नव्हता. हिरव्यांच्या मते न्यायालयाने स्वतःच्या गळ्यातला फास स्वतः सोडवला. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, पण पाच जणांनी नियम वाकवून केलेली सुटका उद्या दुसऱ्या कोणाच्याही उपयोगी पडू शकते, हेही दिसतं.

दरम्यान रस्त्यावर वेगळंच चाललं होतं. अण्णा हजारेंच्या आंदोलनात आपण 'राइट टू रिकॉल' हा शब्द ऐकला, तो तैवानमध्ये कायद्यात आहे. आमदार-खासदाराचं पहिलं वर्ष झालं की मतदारसंघातल्या एक टक्का मतदारांच्या सह्यांनी प्रस्ताव, दहा टक्क्यांच्या सह्यांनी मागणी, मग मतदान. काढून टाकायच्या बाजूची मतं जास्त हवीत आणि एकूण मतदारांच्या किमान पाव हिश्शाइतकी हवीत. २०२५ च्या थंडीत नागरिकांचे गट भाजीबाजारात आणि मेट्रोच्या तोंडाशी टेबल टाकून बसले आणि निळ्या खासदारांविरुद्ध सह्या गोळा केल्या. निळ्यांनीही हिरव्यांविरुद्ध तोच खेळ मांडला. त्यांच्या अर्जांत मृत माणसांच्या सह्या निघाल्या आणि काही कार्यकर्त्यांवर खटले झाले. आपल्याकडच्या मतदारयादीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

२६ जुलैला २४ निळ्या खासदारांवर मतदान झालं. चोवीसच्या चोवीस वाचले. २३ ऑगस्टला आणखी सात. तेही वाचले. ३१ पैकी शून्य.

लाय यांनी जूनमधल्या एका भाषणात म्हटलं होतं की घणाने लोखंड ठोकून त्यातला मळ काढावा तसं मतदानातून व्हावं. मळ म्हणजे कोण? समोरच्याला मत देणारे आम्ही? ते वाक्य बरंच महागात पडलं. संसदेतल्या गोंधळाचा लोकांना वैताग होता हे खरं. पण त्याचं औषध म्हणून सगळीच सत्ता हिरव्यांच्या हाती द्यायला ते तयार नव्हते. हे चीनधार्जिणेपण होतं, असं म्हणणाऱ्यांनी त्याच २३ ऑगस्टचा दुसरा निकाल पाहावा.

त्या दिवशी अणुऊर्जेवर सार्वमतही होतं. डीपीपीचं जुनं स्वप्न अणुमुक्त तैवानचं. १७ मेला शेवटची अणुभट्टी बंद झाली. आता निम्म्याच्या आसपास वीज जहाजाने येणाऱ्या द्रवरूप वायूवर आहे, आणि साठा जेमतेम अकरा दिवस पुरेल एवढा. समुद्रात चीनचं आरमार कवायती करतं, तेव्हा या अकरा दिवसांकडे सगळ्यांचं लक्ष जातं. त्यात चिपचे कारखाने वीज पितात तशी दुसरं कोणी पीत नाही, आणि त्यांना पाणीही भरपूर लागतं. २०२१ मध्ये ५६ वर्षांतला सर्वांत वाईट दुष्काळ पडला तेव्हा भातशेतीचं कालव्याचं पाणी बंद केलं आणि कारखान्यांसाठी टँकर धावले. मराठवाड्यातल्या माणसाला यातली चीड न सांगता कळेल. सार्वमतात भट्टी पुन्हा सुरू करावी या बाजूने सुमारे ४३ लाख मतं पडली, विरुद्ध १५ लाख. तरी प्रस्ताव पडला, कारण बाजूने किमान ५० लाख लागत होती. म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाच्या श्रद्धेविरुद्ध चारपैकी जवळपास तिघांनी मत दिलं. त्यात बीजिंगचा काय संबंध? ते विजेच्या बिलाचं आणि अकरा दिवसांचं मत होतं.

अमेरिकेचंही तसंच. एप्रिल २०२५ मध्ये तैवानवर ३२ टक्के शुल्क जाहीर झालं, ऑगस्टपासून २० टक्के, आणि २०२६ च्या जानेवारीतल्या कराराने १५ टक्के. बदल्यात तैवानी कंपन्यांनी अमेरिकेत २५० अब्ज डॉलर गुंतवायचे. टीएसएमसीने त्याआधीच ॲरिझोनासाठी १६५ अब्ज जाहीर केले होते. तिच्या चिनी नावाची सुरुवात 'ताय' म्हणजे तैवानने होते; विरोधक ते काढून 'मे' म्हणजे अमेरिका लावून चिडवतात. गिरणीच उचलून गिऱ्हाइकाच्या अंगणात नेली, तर संकटात गिऱ्हाईक आपल्या दारात कशाला धावून येईल, ही भीती हिरव्या मतदारांच्याही मनात आहे. शस्त्रखरेदीचा १.२५ लाख कोटी तैवानी डॉलरचा खास प्रस्ताव विरोधकांनी संसदेच्या समितीत पुन्हा पुन्हा अडवला, त्यामागे बीजिंगशी जवळीक हे एक कारण असेल. 'हा खर्च करायचा कोणाच्या खिशातून' हा प्रश्नही तितकाच आहे.

आपला संबंध? २०२२ मध्ये तळेगावचा वेदांत-फॉक्सकॉनचा चिप प्रकल्प गुजरातमधल्या धोलेऱ्याला गेला म्हणून विधानसभेपासून कट्ट्यापर्यंत भांडणं झाली. पुढच्या जुलैत फॉक्सकॉन त्यातून बाहेरच पडली. धोलेऱ्यात आता टाटा आणि तैवानची चिप कंपनी पीएसएमसी मिळून कारखाना उभारत आहेत. २०२४ च्या ऑक्टोबरात तैवानने मुंबईत कार्यालयही उघडलं. आणि त्या सगळ्याच्या कितीतरी आधी तैवान आपल्या शेतात येऊन पोचला होता: जळगाव-सोलापूरकडचा शेतकरी ज्या पपईला 'तैवान ७८६' म्हणतो, ते बियाणं काउशुंगच्या कंपनीचं.

२०२६ च्या २८ नोव्हेंबरला तैवानमध्ये महापौर आणि नगरसेवकांच्या निवडणुका आहेत. गेल्या खेपेला, २०२२ मध्ये, त्या निळ्यांनी जिंकल्या होत्या. तैवानची घंटागाडी शास्त्रीय संगीताची धून वाजवत येते आणि माणसं पिशव्या घेऊन स्वतः रस्त्यावर येतात. चार शेजारी एकमेकांना भेटतात ते तिथेच. २०२५ मध्ये अख्ख्या देशात जेमतेम १ लाख ८ हजार मुलं जन्मली, आजवरची सर्वांत कमी. संध्याकाळी त्या गाडीमागे उभ्या असलेल्या लोकांत पिकल्या केसांचे आता जास्त दिसतात, आणि नोव्हेंबरात मत मागायला येणारे उमेदवारही हात जोडून तिथेच उभे राहतील.